उंदीर कोणत्या भाषेत बोलतो?

बालचित्रपटाचा, त्यातही त्याच्या उत्तरभागाचा विचार विद्यापीठीय संशोधनपत्रिकेत कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात उभा राहील. तो रास्तही आहे. आपल्याकडे बालसाहित्याची समीक्षादेखील बहुधा प्रसंगोपात्तच होते. मग इंग्रजीतून हिंदीत आलेल्या एका चित्रपटाची काय कथा! परंतु प्रस्तुत लेखिकेला स्वतःच्या पीएच.डी.च्या प्रबंधातील एका मोठ्या चुकीची जाणीव झाली ती नेमकी अशाच एका चित्रपटामुळे. ती चूक एकटीची असती तर येथे मांडण्याचे कारण नव्हते. लोकसाहित्याचा अभ्यास करणाऱ्या आपणा बहुतेकांच्या हातून ती घडत आली आहे, असे वाटते म्हणून हा लेखनप्रपंच.

काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात तलासरी तालुक्यातील एका शाळेत जाण्याचा योग आला. शनिवारची शाळा लवकर सुटणारी. पण पाऊस एवढा होता की मुलांना पाड्यांवर परत पाठविणे शक्य नव्हते. शिक्षकांनी भिंतीवर पांढरी चादर लावून 'स्टुअर्ट लिटल २' हा चित्रपट हिंदीतून दाखविला. रॉब मिन्कॉफ यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट २००२ सालचा. त्याचा पहिला भाग १९९९ सालचा. दोहोंच्या मुळाशी आहे ती ई. बी. व्हाइट यांची १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेली लहानशी कादंबरी. न्यूयॉर्कमधील लिटल नावाच्या कुटुंबात स्टुअर्ट हा उंदीर मुलगा म्हणून वाढतो. मूळ पुस्तकात तो त्या घरी जन्मालाच येतो, तर चित्रपटात त्याला अनाथालयातून दत्तक आणलेले आहे. उत्तरभागात आकाशातून एक जखमी पक्षीण त्याच्या इवल्याशा मोटारीत येऊन पडते. तिचे नाव मार्गालो. ती एका ससाण्याच्या धाकात आहे आणि त्याच्याच सांगण्यावरून लिटलबाईंची अंगठी चोरण्यासाठी या घरात शिरली आहे. पुढे ती नाहीशी होते, स्टुअर्ट घरातल्या स्नोबेल नावाच्या मांजराला बरोबर घेऊन तिच्या शोधात निघतो, ससाण्याशी सामना होतो आणि अखेरीस स्टुअर्ट घरी परततो.

मुले रंगून गेली होती. उंदराला पाहून हसणे, ससाणा दिसताच पाय वर घेऊन बसणे, हे सारे जगातल्या कोणत्याही मुलांसारखेच. मला मात्र त्या चित्रपटातील एक संकेत प्रथमच जाणवला. स्टुअर्ट माणसांशी बोलतो आणि प्राण्यांशीही बोलतो. मांजर तसे नाही. स्नोबेल अखंड बडबडत असतो, पण ते ऐकू येते स्टुअर्टला, गल्लीतल्या इतर मांजरांना आणि आपल्याला. घरच्या माणसांच्या लेखी ते केवळ मांजर आहे. म्हणजे एकाच छपराखाली दोन भाषाव्यवहार चालू आहेत आणि स्टुअर्ट त्या दोहोंमध्ये ये-जा करतो. स्टुअर्ट हा दुभाष्या आहे. या घरात त्याला जे स्थान मिळाले आहे ते त्याच्या धाडसामुळे मिळाले असे चित्रपट सांगतो. पण त्याआधी ते मिळाले आहे घरधन्यांची भाषा येत असल्यामुळे. तो कपडे घालतो, टेबलावर जेवतो, शाळेत जातो, चेंडू खेळतो. उंदराची म्हणून जी काही भाषा असेल, तिचा मात्र एकही शब्द त्याच्या तोंडी नाही.

माझ्या पुढे तिसरीतला एक मुलगा बसला होता. शेजारी त्याच्याहून लहान मुलगी, बहुधा बहीण. पडद्यावर हिंदी संवाद होई. हा मुलगा तो ऐके आणि वळून तिला वारलीतून सांगे. मध्येच शिक्षक मराठीतून काही विचारीत, त्याचे उत्तर तो मराठीत देई आणि पुन्हा बहिणीकडे वळे. तीन भाषांमधून तो असा सहज फिरत होता. गुजरातची हद्द जवळ असल्यामुळे बाजारात चौथीही त्याच्या कानावर पडत असणार. चित्रपट संपल्यावर मी त्याला विचारले की, बहिणीला तू उंदराचे बोलणे कसे सांगितलेस? त्याने एक-दोन वाक्ये म्हणून दाखविली. मी ती वहीत लिहून घेतली. रात्री मुक्कामी आल्यावर वही उघडली तेव्हा दिसले की, मी ती वाक्ये प्रमाण मराठीत लिहून घेतली होती. मुद्दाम नव्हे. वर्षानुवर्षांच्या सवयीने हात आपोआप तसा चालला होता.

ही सवय मला कधी लागली ते आठवू लागले, आणि २००७ सालचा एक प्रसंग समोर उभा राहिला. पालघर जिल्हा त्या वेळी अस्तित्वात आलेला नव्हता. १ ऑगस्ट २०१४ पर्यंत डहाणू आणि तलासरी हे ठाणे जिल्ह्याचेच तालुके होते. डहाणू तालुक्यातील एका पाड्यावर मी प्रबंधासाठी लोककथा गोळा करीत होते. तेथील एका वृद्धेने मला उंदराच्या टोपीची गोष्ट सांगितली. ही गोष्ट महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहे. उंदराला कापडाचा तुकडा सापडतो. तो धोब्याकडून धुऊन घेतो, शिंप्याकडून टोपी शिवून घेतो, मग डोक्यावर टोपी मिरवीत, ढोलके वाजवीत राजाच्या वाड्यासमोर जातो. राजा चिडून टोपी हिसकावतो, तेव्हा राजाच भिकारी म्हणून उंदीर त्याची जाहीर अप्रतिष्ठा करतो. टोपी परत मिळाली की राजा भ्याला म्हणून पुन्हा वाजवतो. राजाला कोणत्याही बाजूने सुटका नाही.

त्या आजीने ही गोष्ट सांगताना एक विलक्षण गोष्ट केली होती. उंदीर बोलू लागला की तो तिच्या घरच्या बोलीत बोले. राजा बोलू लागला की तिचा सूर बदले, पाठ ताठ होई आणि राजा मराठी बोलू लागे. तीही कचेरीतली, हुकमाची मराठी. धोबी आणि शिंपी यांच्या तोंडी बाजारातली सरमिसळ भाषा होती. गोष्टीतले सारे नाट्य या भाषाभेदात होते. एवढासा उंदीर राजाला त्याच्या भाषेत उत्तर देत नव्हता. आपल्या भाषेत देत होता आणि राजाला ते समजत होते. राजाला ते समजावे लागत होते, असेही म्हणता येईल.

माझ्या प्रबंधाच्या परिशिष्टात ही कथा छापली आहे. तेथे उंदीर आणि राजा दोघेही एकसारखे, शुद्ध, पुस्तकी मराठी बोलतात. 'कल्पनाबंध', 'आशयसूत्र', 'संचयी कथा' हे सारे मी व्यवस्थित नोंदविले. भाषा तेवढी 'सुबोध' करून घेतली. ते लेखन पूर्ण झाल्यावर मी मोठ्या हौसेने त्या पाड्यावर जाऊन आजींना कथा वाचून दाखविली होती. त्या मनापासून हसल्या. उंदीर तलाठ्यासारखा का बोलतो, असे त्यांनी विचारले. मीही त्यांच्याबरोबर हसले. ती टीका होती हे कळायला मला एवढी वर्षे आणि एक परदेशी उंदीर लागावा, याची लाज वाटते.

आजींनी योजलेली युक्ती आपल्या परंपरेला अपरिचित नाही. संस्कृत नाटकात राजा संस्कृत बोलतो आणि स्त्रिया, विदूषक, सेवक प्राकृत बोलतात. 'मृच्छकटिका'त तर प्राकृताच्या किती तरी छटा आहेत. आपण एम.ए.च्या वर्गात हे कौतुकाने शिकवतो. पाड्यावरची निरक्षर स्त्री तेच करते तेव्हा मात्र आपण तिला 'निवेदक' म्हणतो आणि तिचे निवेदन सपाट करून टाकतो. उलट 'पंचतंत्रा'त उंदीर, कबुतर, कासव, कावळा सारेच संस्कृत बोलतात. हिरण्यक नावाचा उंदीर तर पंडिताच्या थाटात सुभाषिते म्हणतो. तेथे प्राणी राजपुत्रांना शहाणे करण्यासाठी बोलत आहेत, म्हणून ते राजपुत्रांच्या भाषेत बोलतात. यात गैर काही नाही. पण बोलका प्राणी म्हटला की तो ऐकणाऱ्या वरच्या माणसाच्याच भाषेत बोलणार, हे आपण गृहीत धरू लागलो ते येथून. व्यंकटेश माडगूळकरांनी 'सत्तांतर' (१९८२) मध्ये वानरांना मानवी संवाद दिलेच नाहीत. मला तो मार्ग अधिक प्रामाणिक वाटतो, पण तो लोककथेचा मार्ग नव्हे. लोककथेत प्राणी बोललाच पाहिजे. प्रश्न आहे तो कोणाच्या भाषेत, एवढाच.

वारली बोलीचे शास्त्रीय दर्शन आपल्याला शतकापूर्वीच घडले होते. ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वारलीची नोंद आहे. या सर्वेक्षणात निरनिराळ्या बोलींचे नमुने मिळविण्यासाठी बायबलमधील उधळ्या पुत्राचा दृष्टांत भाषांतरासाठी देण्यात येत असे. तुलनेच्या दृष्टीने ते सोयीचे होते, आणि स्थानिक कथेचा नमुनाही मागविला जात असे, हे ग्रिअर्सनांच्या बाजूने सांगितले पाहिजे. तरीही घर सोडून गेलेला आणि परत आलेला मुलगा ही कथा किती बोलींच्या तोंडी घालण्यात आली, याचा विचार केला की गंमत वाटते.

गंमत अशासाठी की, आपल्या चित्रपटाचीही घडण तीच आहे. व्हाइट यांच्या कादंबरीत मार्गालो उडून जाते तेव्हा स्टुअर्ट कोणाला न सांगता घर सोडतो आणि उत्तरेच्या रस्त्याला लागतो. पुस्तक तेथेच संपते. पक्षीण सापडत नाही, तो घरीही परतत नाही. उत्तरभागाने पुस्तकातली पक्षीण घेतली, शोध घेतला, पण शेवट बदलला; आता उंदीर घरी येतो आणि पक्षीण दक्षिणेकडे उडून जाते. चित्रपटाच्या उत्तरभागाचा हा नियमच म्हणावयाचा. नायक घरी परतला नाही तर तिसरा भाग निघणार कसा? तो निघालाही, २००५ मध्ये. त्यात स्टुअर्ट रानात जातो आणि तेथल्या हिंस्र पशूच्या दहशतीशी त्याची गाठ पडते. डहाणू-तलासरीच्या भागात जेथे वाघोबाची लाकडात किंवा दगडात कोरलेली ठाणी आहेत, वाघबारशीला जेथे त्याची पूजा होते, तेथे या तिसऱ्या भागाकडे मुले कशी पाहतील, हा वेगळ्या अभ्यासाचा विषय आहे. येथे माणूस बिबट्याला मारून सुखी होत नाही; त्याच्याशी करार करून राहतो. असो.

उत्तरभाग म्हणजे हलका माल, ही आपली नेहमीची समजूत मला मान्य नाही. जातकात बोधिसत्त्व पुन्हा पुन्हा जन्म घेतो आणि कथेला पुढची कथा लागते. दुर्गाबाई भागवतांनी त्या कथा मराठीत आणल्या तेव्हा आपण त्यांना कमी लेखले नाही. 'स्टुअर्ट लिटल २'मध्येही एक खरी गोष्ट आहे. मार्गालो चोर आहे हे कळल्यावरही स्टुअर्ट तिला टाकत नाही, कारण ती कोणाच्या तरी धाकात आहे हे त्याला कळते. ज्या प्रदेशात वेठीच्या आणि लग्नगड्यांच्या पिढ्या झाल्या, १९४५ मध्ये तलासरी तालुक्यातील झरी गावाच्या सभेपासून जेथे वेठीला नकार देण्याचा लढा पेटला आणि ज्याची हकीकत गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' मध्ये लिहून ठेवली, तेथील मुलांना ससाण्याच्या धाकातली पक्षीण परकी वाटण्याचे कारण नाही. त्या दिवशी वर्गात ती परकी वाटलीही नाही. परके होते ते तिचे बोलणे, आणि तेवढ्यासाठी एका मुलाला दुभाष्या व्हावे लागले होते.

याच परिसरात या प्रश्नावर फार मोलाचे काम होऊन गेले आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्या कामाने मूळ धरले. मूल शाळेत येत नसेल तर शाळा अंगणात न्यावी, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ती कुरणात न्यावी, शिंपले, गोटे, पाने, बिया हीच साधने करावीत, असा त्यांचा विचार होता. माँटेसरीबाईंचा अगदी लहान मुलांना अद्भुत कथा सांगण्यास विरोध होता. पण भावनगरला ताराबाईंनी ज्यांच्याबरोबर काम केले ते गिजुभाई बधेका माँटेसरी पद्धतीचे असूनही गोष्टींचे वेडे होते. त्यांच्या संग्रहातील सात शेपट्यांच्या उंदराची गोष्ट मराठीतही रुळली आहे. हा उंदीर शाळेत जातो. मुले त्याला सात शेपट्यांवरून चिडवतात. तो रडत घरी येतो आणि न्हाव्याकडून एक शेपटी कापून घेतो. दुसऱ्या दिवशी सहा शेपट्यांवरून चिडवतात. असे होता होता एकही शेपटी उरत नाही, आणि मुले बिनशेपटीचा म्हणून चिडवतात.

शाळेत जाणाऱ्या बोलक्या प्राण्याची याहून भेदक कथा मला माहीत नाही. आपल्या विभागांत आपण न्हाव्याचे काम करतो. हे मी दुसऱ्या कोणावर आरोप म्हणून म्हणत नाही. काही वर्षांपूर्वी एम.ए.च्या एका विद्यार्थ्याने लघुप्रबंध सादर केला होता. तो स्वतः वारली समाजातला. आपल्या आजीकडून ऐकलेल्या प्राणिकथा त्याने लिहून आणल्या होत्या. निवेदन मराठीत आणि प्राण्यांचे संवाद बोलीत, अशी त्याची मांडणी होती. मी त्या संवादांखाली लाल रेघा ओढल्या, समासात 'भाषा प्रमाण हवी' असे लिहिले आणि वही परत केली. त्याने निमूटपणे सर्व बदलून आणले. गुण चांगले दिले. त्याने जे सहज केले होते तेच आजींनी २००७ मध्ये माझ्यासमोर केले होते, हे त्या वेळी माझ्या ध्यानात आले नाही.

यावर एक आक्षेप येईल आणि तो सहकाऱ्यांपेक्षा पालकांकडून अधिक जोराने येईल. तलासरीच्या पालकाला आपल्या मुलाला चांगले मराठी, शक्य तर इंग्रजी यायला हवे आहे; बोलीचे कौतुक पगारदार प्राध्यापकांना परवडते. हा आक्षेप मी गंभीरपणे घेते. त्या वर्गातला मुलगा मराठीतून तत्परतेने उत्तरे देत होता, आणि ते त्याच्या हिताचेच आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिक्षण द्यावे असे म्हटले आहे. पण ते कसे साधणार, शिक्षक कोठून आणणार, हा शासनाचा आणि शिक्षणशास्त्रज्ञांचा प्रांत आहे, त्यात मला अधिकार नाही. माझे म्हणणे आपल्या प्रांतापुरते आहे. मराठीचा प्राध्यापक संहितेचा राखणदार असतो. हस्तलिखितातला एक शब्द बदलला तर आपण पाठभेदांवर निबंध लिहितो. 'लीळाचरित्रा'च्या पाठांसाठी आपण जी चिकाटी दाखवतो, तिच्या दहाव्या हिश्शाने तरी पाड्यावरील संहितेकडे पाहावे, एवढीच मागणी आहे. कथा आधी सांगितली गेली त्या भाषेत लिहावी, शेजारी प्रमाण मराठीतला अर्थ द्यावा. कोणते पात्र कोणती भाषा बोलते हे नोंदवावे. ज्या विद्यार्थ्याला ती बोली येते त्याला त्या कामात अधिकारी मानावे, माहितीदार नव्हे. प्रबंधाची पृष्ठे वाढतील. वाढू द्यावीत, नाही तरी आपली प्रस्तावनेची प्रकरणे कोण वाचते?

आणखी एक गोष्ट. आपण गोळा केलेल्या कथा ग्रंथालयांत पडून राहतात आणि शाळेतल्या चादरीवर मात्र न्यूयॉर्कचा उंदीर येतो. त्याने जरूर यावे. मुलांना तो आवडला आणि मलाही आवडला. पण ज्या मुलांच्या आजीच्या गोष्टीत राजाला त्याच्या तोंडावर भिकारी म्हणणारा उंदीर आहे, त्यांना तो उंदीरही, त्याच्या स्वतःच्या बोलीत, एखाद्या पावसाळी शनिवारी भेटावयास हवा. त्यासाठी चित्रपट काढण्याची आवश्यकता नाही. झेरॉक्स केलेली आठ पाने आणि ती वाचून दाखविणारा त्याच पाड्यावरचा एक तरुण एवढे पुरते.

त्या आजी आता नाहीत. २००७ मधले ध्वनिमुद्रण मात्र माझ्यापाशी आहे; लहान टेपरेकॉर्डरवर केलेले, मागे कोंबडा आरवतो आहे, कोणी तरी पाणी ओतते आहे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीपासून मी ते पुन्हा ऐकून उतरवून घेत आहे. ज्याच्या वहीवर मी लाल रेघा ओढल्या होत्या, तो विद्यार्थी आता डहाणूकडे शिक्षक आहे. त्याला पत्र लिहिले, क्षमा मागितली; तो रविवारी येतो आणि शेजारी बसून मदत करतो. टोपी परत मिळाल्यावर उंदीर ढोलके वाजवीत जे म्हणतो, त्यातला एक शब्द अद्याप आम्हा दोघांनाही लागलेला नाही. तो म्हणतो, आईला विचारून सांगतो. तोवर वहीत त्या शब्दाच्या जागी शब्द जसा ऐकू येतो तसाच लिहून ठेवला आहे.